आधी थांबायला शिकायचं

ऋषिकेश सोडलं तेव्हा अजून उजाडायचं होतं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. सोबत माझी सोळा वर्षांची भाची. तिने आजवर पाहिलेले सगळे डोंगर सह्याद्रीतले, पावसात निथळणारे नाहीतर उन्हात तापलेले. "मावशी, नुसता बर्फ बघून परत यायचं नाही, बर्फात झोपायचं," ही तिची अट. "पहिल्यांदा जातोय, तर पहिल्यांदा जाणाऱ्याने जसं जावं तसंच जायचं," ही माझी. या दोन्ही अटी सांभाळून औलीचा बेत ठरला. चार दिवस उतारावर स्की शिकायची आणि त्यातली एक रात्र बर्फावर तंबूत काढायची.

औलीच का, ते आधी सांगते. स्की म्हटलं की गुलमर्ग आठवतं. तिथेही पायथ्याला नवख्यांसाठी जागा आहे, पण त्या डोंगराची ओढ वर नेणारी. गोंडोला थेट चार हजार मीटरच्या आसपास नेऊन सोडते. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातली औली साधारण २,५०० ते ३,०५० मीटरच्या पट्ट्यात आहे. दोन्ही अंगांना देवदार आणि ओकचं जंगल, मध्ये मोकळा, हळूहळू उतरत जाणारा उतार. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण आणि स्की प्रशिक्षण संस्था १९७३ पासून इथे आहे, गढवाल मंडल विकास निगम नवख्यांसाठी सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेतं, आणि २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतल्या स्कीच्या शर्यती याच उतारावर झाल्या. त्यामुळे आजूबाजूच्या गावांतल्या दोन पिढ्या स्कीवर वाढल्या आहेत. शिकवणारा माणूस गावचाच असणं, ही आम्हाला मोठी गोष्ट वाटली.

तयारी मात्र पुण्यातच सुरू झाली होती. दोन महिने दर रविवारी पाठीवर आठ किलो घेऊन सिंहगड, आणि रोज घरी बैठका. स्कीवर माणूस सतत गुडघे वाकवून उभा असतो; सगळा भार मांड्यांवर येतो. ज्याने बैठका काढल्या नाहीत त्याचे पाय दुसऱ्या दिवशी दुपारीच संपतात, आणि पडणं बहुतेक वेळा दमलेल्या पायांमुळेच होतं.

ऋषिकेशपासून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर. रस्ता नदीचा हात सोडत नाही. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा भेटतात आणि गंगा हे नाव तिथून सुरू होतं. पुढे अलकनंदेच्या काठाने उलटं चढत जायचं. रुद्रप्रयागला मंदाकिनी येऊन मिळते, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी. प्रत्येक प्रयागाला एक नवी दरी उघडते आणि आपली दरी थोडी अरुंद होते. मोटाररस्ता होण्याआधी बद्री-केदारचे यात्रेकरू हीच वाट पायी चालत. ठरावीक अंतरांवर मुक्कामाच्या जागा असत, त्यांना इथे चट्टी म्हणतात. अहिल्याबाई होळकरांनी बद्री-केदारला धर्मशाळा बांधल्या, त्या अशाच थकून आलेल्या पायांसाठी. एका दिवसात किती चढायचं आणि कुठे थांबायचं, हे त्या जुन्या वाटेने ठरवून दिलेलं होतं. आम्हाला पुढे सारखं हेच आठवत राहिलं.

कर्णप्रयागच्या पुढे एका लहानशा ढाब्यावर जेवायला थांबलो. ताटात आलेली डाळ पाहून मी चमकले. वास ओळखीचा, रंग ओळखीचा. "ये कौन सी दाल है, भैजी?" गढवालात थोरल्या भावाला भैजी म्हणतात, आणि अनोळखी माणसालाही आदराने हीच हाक मारतात. "गहत," तो म्हणाला. गहत म्हणजे आपले कुळीथ! सोबतची काळसर भाकरी मंडुव्याची, म्हणजे नाचणीची. माझं आजोळ रत्नागिरीकडचं. आजीच्या घरी पावसाळ्यात जे ताटात असायचं तेच इथे, समुद्रापासून इतक्या दूर, हिवाळ्यात समोर आलं. कारणही तेच. उतारावरची हलकी जमीन, पाण्याचा भरवसा नाही, तिथे कुळीथ आणि नाचणी तग धरतात. कुळीथ उष्ण, थंडीत खावेत, असं दोन्हीकडची माणसं म्हणतात.

चमोलीच्या पुढे रस्त्याकडेला एक बाई उन्हात बसून मोजे विणत होती. ती नीती खोऱ्यातली, भोटिया. तिबेटच्या सीमेलगतच्या उंच गावांतली ही माणसं हिवाळ्यात खाली उतरतात आणि उन्हाळ्यात पुन्हा वर जातात. त्यांचे पूर्वज घाट ओलांडून तिबेटशी व्यापार करत. इकडून धान्य जाई, तिकडून मीठ आणि लोकर येई. १९६२ च्या युद्धानंतर तो व्यापार थांबला, पण विणकाम हातात राहिलं. आम्ही जाड लोकरीचे दोन-दोन जोड घेतले. "एक चलने का, एक सोने का," तिने बजावलं. "सोने वाला दिन में मत पहनना." रात्रीसाठी एक जोड कोरडा राखून ठेवायचा. बर्फातल्या मुक्कामाचा पहिला धडा आम्हाला बर्फ दिसायच्या आधीच मिळाला.

संध्याकाळी जोशीमठला पोचलो. गावाचं अधिकृत नाव आता ज्योतिर्मठ. उंची सुमारे १,८७५ मीटर. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे इथली बाजारपेठच कळसूबाईच्या डोक्यावर. म्हणून पहिली रात्र इथेच काढायची, हे आधीच ठरलेलं होतं. समुद्रसपाटीजवळ राहणाऱ्या माणसाने एका दिवसात तीन हजार मीटर गाठून तिथेच झोपू नये. डोकं ठणकणं, मळमळणं, झोप न लागणं ही शरीराची तक्रार असते. ती वाढत गेली तर खाली उतरणं हाच उपाय, आणि त्यात कमीपणा नाही.

आदि शंकराचार्यांनी स्थापलेल्या चार मठांपैकी उत्तरेचा मठ इथला. बद्रीनाथाचं देऊळ हिवाळ्यात बर्फामुळे बंद होतं, तेव्हा शंकराचार्यांची गादी जोशीमठच्या नृसिंह मंदिरात आणतात. त्यामुळे यात्रेकरू नसलेल्या या महिन्यांत गाव रिकामं वाटलं तरी पूजा चालू असते. नृसिंहाच्या मूर्तीचा एक हात मनगटापाशी बारीक होत चालला आहे, अशी इथली श्रद्धा. तो गळून पडेल त्या दिवशी विष्णुप्रयागजवळचे दोन डोंगर एकमेकांना भिडतील, बद्रीनाथची वाट बंद होईल आणि देवाची पूजा भविष्यबद्रीला सुरू होईल, असं म्हणतात.

ही कथा मी वाचलेली होती. पण देवळातून बाहेर पडून गल्लीतून चालताना भिंतींवरच्या भेगा पाहिल्या, आणि ती वेगळीच ऐकू आली. काही घरांवर लाल फुली, काही दारांना कुलूप, एका उंबऱ्याच्या मधोमध तळहात मावेल एवढी फट. जानेवारी २०२३ मध्ये हे गाव खचू लागलं. आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले, शेकडो कुटुंबांना घर सोडावं लागलं. आणि हे आधी कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. गढवालचे तेव्हाचे आयुक्त मिश्रा यांच्या समितीने १९७६ मध्येच लिहून ठेवलं होतं, की जोशीमठ पक्क्या खडकावर नाही, जुन्या दरडीच्या दगडमातीवर वसलेलं आहे. जमीन किती भार पेलेल हे तपासल्याशिवाय मोठं बांधकाम नको, पायथ्याचे दगड उकरू नका, झाडं तोडू नका, सांडपाण्याला वाट करून द्या. या सगळ्या सूचना त्यात होत्या. भाचीने विचारलं, "मग ऐकलं का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही गप्प चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी औलीला निघालो. जोशीमठ ते औली जवळपास चार किलोमीटर लांबीचा रोपवे आहे. तोही २०२३ च्या जानेवारीपासून बंद पडला. त्याचे दहा मनोरे झाडांमधून वर चढत गेलेले दिसतात, केबल तशीच ताणलेली, डबे मात्र नाहीत. आता वळणावळणांच्या सुमारे १५ किलोमीटर रस्त्यानेच जावं लागतं. रस्त्याकडेला गमबूट आणि जाड जॅकेटं भाड्याने देणाऱ्या टपऱ्यांची रांग होती. चारधामची यात्रा उन्हाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या सुमारास संपते. त्यानंतर या भागाला जे दोन-तीन महिने काम मिळतं ते बर्फामुळे. बर्फ पडला नाही तर तेही नाही.

आणि बर्फ हल्ली दरवर्षी पडेलच असं नाही. उताराच्या माथ्यावर एक तळं आहे, माणसाने बांधलेलं. त्यातलं पाणी यंत्रांनी फवारून कृत्रिम बर्फ करायचा, अशी योजना. पण पाणी हवेतच गोठायला हवेला शून्याच्या खालची कोरडी थंडी लागते. ती नसेल तर यंत्रं उभीच राहतात. बर्फाअभावी इथल्या स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या, काही रद्द झाल्या. इथला बर्फ कुठून येतो हे कळलं तेव्हा आम्हाला नवल वाटलं. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो. हा बर्फ घेऊन येणारे पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राकडून निघतात आणि इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारी संपेपर्यंत बर्फ साठलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणून आम्ही हे दिवस धरले होते. तरीही निघायच्या आदल्या आठवड्यात तिथल्या माणसाला फोन करून विचारलंच.

आमचे शिक्षक पन्नाशीचे होते, औलीच्या खालच्या गावातले. भाचीला ते पहिल्या क्षणापासून भुली म्हणू लागले, म्हणजे धाकटी बहीण. त्यांनी आधी बूट चढवायला लावले. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचं कवच. घोटा आत इतका घट्ट धरलेला की पाऊल पुढे टाकायचं तर सबंध पाय उचलावा लागतो. बूट आणि स्की यांना जोडणारी पकड असते, तिला बाइंडिंग म्हणतात. जोराने पडलो तर ती आपोआप सुटली पाहिजे, नाहीतर लांब फळीचा पीळ थेट गुडघ्यात जातो. म्हणून शिक्षकांनी आमचं वजन विचारून, स्क्रू फिरवून ती पकड दोघींसाठी वेगवेगळी लावली. नवख्याने भाड्याची स्की घेताना रंग पाहू नये, ही पकड आपल्या वजनाला लावून घेतली का तेवढं विचारावं.

मग ते आम्हाला एका जवळजवळ सपाट जागेवर घेऊन गेले. वर चेअरलिफ्ट चालू होती, मुलं सरसर खाली येत होती. भाचीची नजर तिकडे. शिक्षक म्हणाले, "भुली, पहले रुकना. चलना तो पहाड़ सिखा देगा." चालायला डोंगरच शिकवील, आधी थांबायला शिक.

पहिला सबंध दिवस आम्ही फक्त थांबलो. दोन्ही स्कींची टोकं जवळ आणायची, मागची बाजू फाकवायची, गुडघे थोडे आत. वरून पाहिलं तर नांगराच्या फाळासारखा आकार होतो. आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेलला की स्की पुढे निसटते. म्हणून वजन पुढे, नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली. हे शरीराला पटवायला वेळ लागतो. उतार दिसला की मागे झुकायचं, हीच त्याची जन्माची सवय. पडायचं कसं तेही शिकवलं: बाजूला, बसल्यासारखं, हात मागे न टेकता. उठायचं कसं: स्की उताराला आडवी करून मगच. वर चढायचं कसं: आडवं उभं राहून एकेक पायरी. दुपारपर्यंत मी सात वेळा पडले, भाची त्याहून जास्त. संध्याकाळी मात्र दोघी सांगितलेल्या खुणेपाशी थांबू शकत होतो, आणि मगच शिक्षकांनी आम्हाला थोडं वर नेलं.

दुसऱ्या दिवशी वळणं. एका पायावर भार दिला की स्की उलट्या बाजूला वळते. डावीकडे जायचं तर उजव्या पायावर उभं राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या क्षणी ते पायात उतरलं, त्या क्षणी भाची ओरडलीच, "मावशी, बघ!" तीन वळणं, सलग, आणि शेवटी नांगर लावून माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. गालांवर थंडीची लाली आणि डोळ्यांत पाणी. काळा चष्मा तिने क्षणभर वर केला होता, तो मी लगेच खाली ओढायला लावला. ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांचा बहुतांश भाग परत फेकतो. तासाभराच्या उघड्या डोळ्यांची किंमत रात्री जळजळ होऊन मोजावी लागते.

ऊन उतरलं तशी आम्ही माथ्याच्या बाजूला थांबलो. हाथी पर्वत, घोडी पर्वत, द्रोणागिरी, आणि या सगळ्यांच्या मागे नंदादेवी, ७,८१६ मीटर. कांचनजंगेनंतर भारतातलं सर्वांत उंच शिखर. पश्चिमेचा उजेड तिच्या भिंतीवर पडला आणि पांढऱ्याचा केशरी, केशरीचा गुलाबी झाला. द्रोणागिरी गावात मारुतीची पूजा करत नाहीत, कारण संजीवनीसाठी त्याने त्यांचा डोंगर उचलून नेला. आणि नंदा ही गढवालची लेक. बारा वर्षांनी निघणाऱ्या नंदादेवी राजजात यात्रेत गावंच्या गावं तिला सासरी, कैलासाकडे पोचवायला चालतात. पुढे चार शिंगांचा मेंढा असतो. निरोप देताना बायका रडतात, असं शिक्षकांनी सांगितलं. गौरी जेवून निघाल्या की आमच्या घरीही आजीचे डोळे भरायचे. डोंगरालाही माहेरवाशीण मानणारी ही माणसं मला त्या क्षणी फार जवळची वाटली.

तंबूची रात्र तिसऱ्या दिवशीची. आमच्या मनात जागा ठरलेली होती: औलीच्या वर जंगल ओलांडून तीन किलोमीटरवर असलेलं गोरसो बुग्याल. बुग्याल म्हणजे झाडांची रेषा संपते तिथलं उंचावरचं कुरण. फोटो पाहून भाचीने ती जागा मनात पक्की केली होती. पण शिक्षकांनी आधीच सांगितलं होतं, बुग्यालावर दिवसा जायचं, रात्री राहायचं नाही. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. तिथली माती पातळ, गवताची वाढ वर्षातून मोजके महिने; तंबूंच्या चरांनी आणि कचऱ्याने तयार झालेली जखम लवकर भरत नाही. भाची हिरमुसली. मला मात्र हे बरोबर वाटलं, आणि नवख्यांच्या सोयीचंही. पहिली हिमरात्र अशा जागी काढावी, जिथून पक्क्या घराचं दार पन्नास-साठ पावलांवर असेल. काही बिघडलं, कुणाचं डोकं चढलं, पाय ओले झाले, तर उठून आत जाता यावं.

ते दार आम्हाला औलीच्या खालच्या अंगाला एका दीदींच्या घरी मिळालं. घराखाली पायऱ्यांची शेतं, सगळी सारखीच पांढरी. पहिल्या सपाट शेतात मी सॅक टेकवणार तोच त्या वरून म्हणाल्या, "उसमें नहीं, उसमें गेहूँ है." खाली गहू होता, बर्फाखाली! त्यांनी समजावून सांगितलं. मोकळा बर्फ पिकाला पांघरुणासारखा. वर कितीही गोठलं तरी खाली कोंब जगतो, आणि वसंतात हळूहळू वितळून मुरलेलं पाणी गव्हाला आणि गावच्या धाऱ्याला, म्हणजे झऱ्याला, मिळतं. पण तुडवलेल्या बर्फातली हवा निघून जाते. मग तो दगड होतो, थंडी खाली पोचवतो आणि उशिरा वितळतो. "आप उधर लगाओ, वो खाली है." पलीकडचं शेत पडीक होतं. बर्फ म्हणजे थंडी, एवढंच मी आजवर समजत होते. त्याच्याखाली कुणी ऊब धरून आहे, हे मला पहिल्यांदा कळलं.

जागा ठरवताना शिक्षकांनी चार गोष्टी दाखवल्या. वर तीव्र उतार नको. हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतं. ओहोळाची घळ नको. बर्फाने लवलेल्या फांदीखाली नको. आणि अगदी खोलगट जागाही नको, कारण थंड हवा जड असते, रात्री पाण्यासारखी खाली वाहत येऊन खड्ड्यात साठते.

मग तंबूच्या मापाचा चौकोन आखून आम्ही तो पायांनी तुडवायला सुरुवात केली. आधी मांडीपर्यंत रुतत होतो, मग गुडघ्यापर्यंत, मग घोट्यापर्यंत. "अब चाय पियो," शिक्षक म्हणाले. मला वाटलं विश्रांती. तो कामाचाच भाग होता. तुडवलेले हिमकण अर्धा-पाऊण तास सोडले की एकमेकांना चिकटून घट्ट होतात. लगेच तंबू लावला तर रात्री अंगाच्या भाराने जमीन खचते आणि माणूस खळग्यात जागा होतो. चहा पिऊन परत आलो, तर मघा पाय गिळणारी जागा फरशीसारखी वाजत होती. भाचीने टाच आपटून पाहिली आणि मला म्हणाली, "मावशी, आधी भार देऊन बघायचा, मग घर बांधायचं." जोशीमठची गल्ली तिच्याही डोक्यातून गेली नव्हती.

साध्या खुंट्या बर्फात धरत नाहीत. काठीला दोर बांधून ती आडवी पुरायची, वर बर्फ दाबायचा आणि पुन्हा वाट पाहायची. थोड्या वेळाने ओढून पाहिलं तर हलेना. तंबूत खाली दोन मॅट: आधी बंद पेशींच्या फोमची, वर हवेची. थंडी वरून लागते असं वाटतं, पण झोपलेल्या माणसाची ऊब बर्फ खालून ओढतो; पांघरुणावर कितीही खर्च केला आणि खाली कंजुषी केली तर रात्र जात नाही.

पाण्यासाठी बर्फ वितळवायला बसलो तेव्हा वेळेचा अंदाज पार चुकला. ताजा बर्फ बहुतांशी हवाच. दहा लिटरचं भांडं भरून ठेवलं तर पाणी लिटरभर. शिवाय शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी घेतो. तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचं पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. भांड्यात आधी थोडं पाणी ठेवायचं, नाहीतर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. हे सगळं तंबूच्या बाहेर, उघड्यावर. बंद जागेत कोळशाची अंगीठी पेटवून झोपल्याने माणसं दगावल्याच्या बातम्या उत्तर भारतात दर हिवाळ्यात येतात. तंबूत स्टोव्ह पेटवणं त्याच जातीचं. तंबूची वरची झडपही आम्ही बोटभर उघडी ठेवली, नाहीतर श्वासाची वाफ आतून गोठते आणि पहाटे तोंडावर चुरा पडतो.

दीदींनी गहताचं फाणू आणि मंडुव्याच्या भाकऱ्या आणून दिल्या. भिजवून वाटलेल्या कुळथांची ती दाट आमटी, वर तूप. "पेट खाली मत सोना," एवढंच म्हणाल्या. पोटात अन्न असेल तर अंग रात्रभर आतून तापत राहतं.

झोपण्याआधी दिवसभराचे सगळे कपडे बदलले. सुती काही नव्हतंच. सूत घाम धरून ठेवतं आणि गार पडतं, म्हणून आत लोकरीचा थर, मध्ये उबेचा, वर वारा अडवणारा. त्या भोटिया बाईकडून घेतलेले, राखून ठेवलेले मोजे बाहेर काढून पायांत चढवले. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायांशी. बुटांचं आतलं अस्तर, फोन आणि टॉर्चचे सेल स्लीपिंग बॅगमध्ये. पिण्याच्या पाण्याची बाटली उलटी उभी केली. पाणी वरून गोठत येतं. बाटली उलटी असली की बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

रात्री दोनला जाग आली. बाहेर टांगलेला थर्मामीटर उणे नऊ दाखवत होता. कसलाही आवाज नव्हता. ताजा बर्फ आवाजही पितो. कुत्र्याचं भुंकणंसुद्धा कापसातून आल्यासारखं. चांदणं तंबूच्या कापडातून आत झिरपत होतं. भाचीच्या बॅगमधून फक्त नाक बाहेर, श्वास संथ. मी हात घालून तिचे पाय चाचपले. गरम होते. पुण्यातली दोन महिन्यांची तयारी, सगळ्या याद्या आणि फोन, ते एवढ्यासाठीच होते, हे मला तेव्हा उमगलं.

सकाळी दार उघडलं तेव्हा सूर्य नंदादेवीच्या मागे होता. शिखर काळं, कडेला सोन्याची रेघ. चहा घेऊन आम्ही गोरसोला गेलो, फक्त चालत. ओकच्या जंगलात कोल्ह्याच्या पावलांची सरळ ओळ बर्फावर उमटलेली. जंगल संपलं आणि कुरण उघडलं: कुठे कुंपण नाही, तंबू नाही, राखेचा डाग नाही. भाची बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बरं झालं इथे झोपलो नाही." या डोंगरांच्या पलीकडे, धौलीगंगेच्या खोऱ्यात रेणी गाव आहे. तिथे १९७४ च्या मार्चमध्ये गौरादेवी आणि गावच्या बायकांनी झाडांना कवटाळून ठेकेदाराच्या माणसांना परत पाठवलं होतं. हात लावायचा कुठे नाही, हे या मुलखातल्या माणसांनी फार आधीपासून सांगितलं आहे.

दुपारी परत येऊन तंबू उतरवला. पुरलेल्या काठ्या फावड्याने खोदून काढाव्या लागल्या, इतक्या त्या धरल्या होत्या. आम्ही सॅक उचलली, तर भाची फावडं घेऊन तुडवलेल्या चौकोनात उभी. तिने ती फरशी फोडायला सुरुवात केली, मोकळा बर्फ वर ओढून पसरायला. मी म्हटलं, "अगं, हे शेत पडीक आहे. दीदींनी सांगितलं ना."

"यंदा पडीक आहे, मावशी," ती म्हणाली आणि खणत राहिली. मी दुसरं फावडं घेतलं.